जग निवळेपर्यंत

बेलापूर,
२५ डिसेंबर

ती. बनुआत्यांना पंकजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आत्या, जगात शांतता नेमकी कधी होणार? मला माहीत नाही. भूगोल घेऊन बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने गल्लीत पेढे वाटले, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. आणि माझं सगळं आता त्याच प्रश्नावर अडून बसलं आहे. ते कसं, हे सांगण्याआधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करायला हवी. गारठ्याने ठणकत असतील, कोल्हारला नदीचा वारा थेट घरात येतो. तेल कोमट करून लावा. (आमची खोबरेलाची बाटली रोज उन्हात ठेवावी लागते. न्याहारीपर्यंत आम्ही सगळे बिनतेलाचेच असतो.) फोनच केला असता, पण आपल्या घरात रेंज फक्त पुढच्या खोलीत येते, आणि तिथे तुमचे भाऊ, आमचे दादा, गोधडी पांघरून जगाच्या बातम्या बघत बसलेले असतात.

मी श्रीरामपूरला ज्या क्लासमध्ये शिकवते तो नाताळामुळे आठवडाभर बंद आहे. त्यातच अक्कलकुव्याजवळच्या एका आश्रमशाळेचं पत्र आलं : वर्षभरासाठी शिक्षिका म्हणून निवड, दोन जानेवारीला हजर व्हा. मला वाटलं, घरात आनंद होईल. दादांनी पत्र दोनदा वाचलं, टीव्हीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "जगाचं जरा निवळू दे, मग बघू." म्हणजे, आत्या, दूरच्या दोन देशांनी तह केल्याशिवाय मला सातपुड्यात जाता येणार नाही! तेव्हापासून मी त्या दोन देशांसाठी मनापासून प्रार्थना करते आहे. त्यात थोडा स्वार्थ आहे, हे कबूल करते.

शेजारचे पुंजारामबाबा शेगडीजवळ बसायला येतात, त्यांनी तर थंडीही युद्धाच्याच खात्यावर टाकली. "लई बाँब टाकले त्यांनी, म्हनून वारं फिरलंय." मी वाऱ्यांची दिशा, वायुदाब, हिमालय असं सगळं समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "पोरगी लई शिकली, पर बातम्या बघत न्हाई."

शेवटी मी क्लासमधला जगाचा मोठा नकाशा आणून टीव्हीशेजारी भिंतीवर लावला. युद्ध किती लांब आहे हे एकदा डोळ्यांनी दिसलं की भीती जाईल, असा माझा विचार. दादा उठले, नकाशावर हात ठेवला आणि शेतकऱ्याच्या सवयीने मोजलं. "चार बोटं! आगं, फक्त चार बोटं हाय! आपल्या उसाच्या दोन सऱ्यांत याहून जास्त जागा असतीया." पुंजारामबाबांनी शेगडी नकाशापासून लांब ओढून घेतली.

माझा धीर सुटला होता, तेवढ्यात आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन आली. "आन् पोरीची शाळा कुठं हाय यात?" मी अंदाजाने जागा दाखवली. आईने अंगठा टेकवला. "आवो, बघा की! घर आन् शाळा एकाच अंगठ्याखाली. पोरगी कुठं चाललीच न्हाई!"

"मंग सकाळी जाऊन सांजच्याला घरी," पुंजारामबाबा म्हणाले.

दादांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाले, "बरं."

आत्या, नकाशाचं प्रमाण मला पहिल्या वर्षालाच शिकवलं होतं आणि मी तोंड मिटून बसले. पण दोन दिवस त्या नकाशाकडे बघवेना. अशी परवानगी घेऊन मी पोरांना भूगोल कोणत्या तोंडाने शिकवू? आज सकाळी उसाला पाणी देताना दादांना सांगून टाकलं, की आईच्या अंगठ्याखाली तीनशे किलोमीटर आहेत आणि दोन एसट्या बदलाव्या लागतात.

दादा हसले. "त्या अंगठ्याखाली मुंबई बी हुती. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"मग 'बरं' का म्हणालात?"

"तुझ्या आईनं जल्मात पैल्यांदा जगावर हात ठिवला. तिला काय न्हाई म्हनू?" मग फावडं उचललं आणि म्हणाले, "पर आक्काला इचारल्याबिगर न्हाई. रविवारी फोन लावतो."

तुमची,
पंकजा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. दादा तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. फोन आला की आधी गुडघ्यांचं सांगा, म्हणजे ते हळवे होतील. मग 'जाऊ दे तिला' म्हणा. युद्धाचा विषय काढू नका.

ता. क. दुसरा, ३ जानेवारी : पत्र पिशवीतच राहिलं. रविवारी तुमचा फोन लागला नाही. दादा म्हणाले, पुढच्या रविवारी विचारू. दोन तारीख तर शुक्रवारी होती. मी म्हटलं, "दादा, तुम्ही विचारा, मी तोवर निघते." एक तारखेला सकाळी मी चप्पल घातली तर बॅग जागेवर नव्हती. ती दादांनी आधीच स्टँडवर नेली होती. एसटी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "आक्का न्हाई म्हनली तर तिचं तूच निस्तर."

तेव्हा आत्या, आता तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, मी काल शाळेच्या मस्टरवर सही केली आहे.