पिरोश्कानंतर मी

४ ऑगस्ट, सोमवार
सरावाचा पहिला दिवस. पिरोश्काने ड्रेसिंग रूममध्ये सांगून टाकलं, हा तिचा शेवटचा मोसम. वय सदतीस, खांदा कामातून गेलाय, मे महिन्यात निवृत्ती. सगळ्या रडल्या. मीही रडले, आणि बऱ्यापैकी जमलं.
आता गणित सरळ आहे. क्लबात गोलरक्षक दोघी. पिरी पहिली, मी दुसरी. अकरा वर्षं मी बाकावर बसून तिची पाठ बघतेय. पहिली गेली की दुसरी पहिली होते. मी बत्तीस. हँडबॉलमध्ये गोलरक्षकाची खरी वर्षं तिशीनंतरच सुरू होतात, कुणालाही विचारा.
निश्चय : लोण्यातले खारे पाव, म्हणजे पोगाचा, बंद. सकाळी दोरीवरच्या उड्या. रोज एका संघाचे व्हिडिओ. आनंद चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही.

१० ऑगस्ट, रविवार
आईकडे गेले. तिने चीज घालून पोगाचा केले होते. गरम होते. सहा खाल्ले. गोलात थोडी रुंदी लागतेच.
दोरी सापडत नाहीये.

१७ सप्टेंबर, बुधवार
व्हर्कोंदच्या मॅनेजरचा फोन. दुसऱ्या श्रेणीतला संघ. पहिली गोलरक्षक म्हणून लगेच घेतो म्हणाला, पूर्ण मोसम. नम्रपणे नकार दिला. आठ महिन्यांसाठी आता कोण हलतं?
आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं एमोके, तिथे निदान खेळशील तरी. मी दोन बस बदलून तुझी मॅच बघायला येते आणि तुला बसलेली बघून परत जाते." मोठ्या क्लबात थांबून राहणं हेही एक कौशल्य असतं, असं तिला समजावलं. ती म्हणाली, "हो, आमच्या बसस्टॉपलाही येतं ते."
आईला खेळातलं कळत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
बावन्नाव्या मिनिटाला समोरच्या संघाला सात मीटरचा फटका, म्हणजे पेनल्टी, मिळाला. आमचे प्रशिक्षक बार्नाकाका, त्यांनी मला आत पाठवलं. असल्या नाजूक प्रसंगी त्यांना मीच आठवते. त्या मुलीचा फटका खांबावर आदळला. मी तिला नजरेने बिथरवलं होतं, म्हणून हा मी अडवलेलाच धरते. मग परत बाकावर. मैदानावर एकूण अकरा सेकंद. यश शंभर टक्के.

१५ नोव्हेंबर, शनिवार
वॉर्म-अपमध्ये पिरीचं बोट निखळलं. मी सुरुवातीपासून गोलात.
बारा मिनिटांत नऊ गोल. बचावातल्या पोरी झोपल्या होत्या. दिवा डोळ्यांवर येत होता. दोन चेंडू पायांमधून गेले, पण बूट नवे होते. काकांनी पिरीला बोटाला पट्टी बांधून आत घातलं. आम्ही एका गोलने जिंकलो. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस आता, एमोके." म्हणजे पुढच्या वर्षासाठी मला जपतायत.

२६ डिसेंबर, शुक्रवार
नाताळचा दुसरा दिवस. दरवर्षीसारखी पिरीकडे माशांच्या सुपाला. जेवण झाल्यावर ती खसखशीच्या रोलचा तुकडा ताटात नुसताच फिरवत बसली. मग म्हणाली, "व्हर्कोंदला एकदा फोन करून बघ ना. जागा असेल अजून." म्हटलं, का गं? म्हणाली, "असंच. तुला खेळताना बघायचंय."
मी समजले. आपली जागा दुसरीला जाताना बघवत नाही. माणूसच आहे शेवटी. मी तिला मनातल्या मनात माफ केलं. निघताना तिने दारात मला घट्ट धरून ठेवलं. बिचारी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आमचे मॅनेजर एका उंच मुलीला हॉल दाखवत होते. नाव सिग्नी, नॉर्वेची, वय बावीस, गोलरक्षक. माझ्या हाताखाली तयार करायला आणतायत. इतक्या लवकर मला राखीव मिळेल असं वाटलं नव्हतं. तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, घाई करू नकोस, तुझीही वेळ येईल.
पहिल्या गोलरक्षकाचं कपाट कुठलं, असं तिने विचारलं. म्हटलं, आत्ता पिरोश्काचं, जुलैपासून माझं. तिने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर छताकडे बघत होते. लाजाळू आहेत.

९ एप्रिल, गुरुवार
बेकरीच्या रांगेत फोनवर वाचलं. नवी पहिली गोलरक्षक सिग्नी, तीन वर्षांसाठी. दुसरी, ज्युनियर संघातली एक मुलगी. शेवटच्या ओळीत मी. क्लब माझा आभारी आहे.
पाव न घेता हॉलवर गेले. बार्नाकाकांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "जानेवारीपासून सांगणार होतो. तू रोज इतकी खुशीत यायचीस, तोंडच उघडेना माझं." मग म्हणाले की पिरीला डिसेंबरातच कळलं होतं. मला निदान दुसरी म्हणून ठेवा, यासाठी ती वर, मॅनेजरकडे जाऊन भांडून आली होती.
पिरीच्या घरी गेले. फाटकाशी उभी राहिले. बेल वाजवली नाही.
निश्चय : तिच्याशी पुन्हा बोलायचं नाही.
अजून काही संपलेलं नाही. नॉर्वेच्या माणसांना आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही.

२३ मे, शनिवार
पिरीची निरोपाची मॅच. आईला बोलावलं नाही. तेच ते बसणं तिला किती वेळा दाखवायचं?
हॉल खच्चून भरलेला. पिरीशी सहा आठवडे एक शब्द नाही. चाळिसाव्या मिनिटाला, काकांनी काही सांगायच्या आधीच, ती गोल सोडून सरळ माझ्यासमोर आली. म्हणाली, "ऊठ."
वीस मिनिटं. मी नऊ अडवले. नऊ. खांबांवरचे सोडून. एक तर वरच्या कोपऱ्यातला, डाव्या हाताने. तो हात कुठून आला, मला माहीत नाही.
लोक पूर्ण वेळ ओरडत होते. पिरोश्का, पिरोश्का.

१२ जून, शुक्रवार
कपाट रिकामं केलं. पिरी खोकं घेऊन आली. मी बोलावलं नव्हतं.
माझे मोजे घडी करता करता तिने विचारलं, "खरं सांग. अकरा वर्षांत कधी वाटलं, मला काहीतरी व्हावं?"
छे गं, वेडी का तू, असं म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "दर शनिवारी."
ती म्हणाली, "मलाही वाटलं असतं." आणि दुसरा मोजा उचलला.
मोजे खोक्यात गेले. मग मीच विचारलं, त्या वीस मिनिटांत मी कशी खेळले. तिने मान खाली घातली. "दिसलंच नाही गं मला. तोंडावर टॉवेल धरून बसले होते."
घरी येऊन मॅचचं रेकॉर्डिंग लावलं. चाळिसाव्या मिनिटानंतर कॅमेरा बाकावर, पिरीवर. तिचा टॉवेल, तिचे खांदे, गॅलरीत रडणारी माणसं. मध्येच दोन-तीनदा मैदान दिसतं. एकोणपन्नासाव्या मिनिटाला, अगदी कडेला, गोलाचा वरचा कोपरा, आणि एक डावा हात. चेंडू बाहेर जातो. चेहरा येत नाही.
चार वेळा मागे नेऊन बघितलं. हात बरोबर जागी होता.