कापूसचं खरं वजन

तीर्थस्वरूप सौ. वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. हल्ली कंबर परवानगी देत नाही, पण तुमच्यासाठी तिला विचारत नाही.) तुमची, लेकीची आणि त्या नव्या पाहुणीची तब्येत छान असणार याबद्दल मला शंका नाही, कारण तुम्ही ज्या घरात असता तिथे आजारी पडायची कुणाची छाती होत नाही. नात कुणाच्या वळणावर गेली आहे ते कळवा. दादाच्या वळणावर गेली असेल तरी घाबरू नका, पहिल्या वर्षी सगळ्यांनाच टक्कल असतं.

कापूस ठणठणीत आहे. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही श्वास रोखून वाचाल, आणि श्वास रोखून धरणाऱ्यांचा मला धंद्यापायी तिटकारा आहे. टाके सुकले, भूक लागते आहे, आणि काल त्याने शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या चाकावर जे काम एका धारेत उरकलं, ते पाहून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. (शेजाऱ्यांच्याही आलं, पण वेगळ्या कारणाने.) आता तुम्ही म्हणाल, हे सगळं फोनवर कळलंच आहे, मग भाऊजींना पत्राची उबळ का आली? तर फोनवर दादा तुम्हाला काय म्हणाला ते मी शेजारीच बसून ऐकलं आहे. "खडा काढला, काही विशेष नाही," असं म्हणाला. वहिनी, ते 'विशेष' मी आहे. आणि मी फोन हातात घेतला की दादा कानाला कान लावून उभा राहतो, म्हणून हे पत्र.

माझ्या नोकरीत मान कमी, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. प्राण्यांच्या दवाखान्यात भूल देणारा म्हणजे लोकांच्या मते सुई टोचून चहाला जाणारा माणूस. ऑपरेशन झालं की मालक मंडळी सर्जनबाईंचे हात हातात घेऊन रडतात, आणि मला विचारतात की गाडी कुठून बाहेर काढायची. कापणं सोपं आहे असं मी म्हणत नाही (बाई हे पत्र वाचणार नाहीत, तरीही म्हणत नाही). पण ज्याला कापायचं तो आधी झोपला पाहिजे, मग झोपलेला राहिला पाहिजे, आणि शेवटी उठला पाहिजे. ही तिसरी गोष्ट लोक धरूनच चालतात. ती धरून चालता येते, याचं कारण मी आहे. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण दुसऱ्या कुणाचं तोंड रिकामं सापडेना.

त्या आठवड्यात आमचं वायूने भूल द्यायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं, म्हणजे कापूसची भूल पहिल्यापासून शेवटपर्यंत शिरेतूनच द्यायची होती. बाईंनी विचारलं, थांबू या का? थांबणं शक्य नव्हतं, लघवी जवळजवळ बंद झाली होती. आणि खरं सांगू, शिरेतून भूल हा माझा प्रांत आहे. पुढच्या पायावरचे केस काढायचे, शिरेत बारीक नळी बसवायची आणि दुधासारखं पांढरं औषध सावकाश आत सोडायचं. सावकाश म्हणजे किती, हे पुस्तकात नसतं. भराभर दिलं तर कुत्रा झोपतो आणि त्याच्याबरोबर त्याचा श्वासही झोपतो. किती औषध लागेल याचा हिशोब वजनावरून करतात, पण देताना बघायचं ते कुत्र्याकडे. पुस्तकातला डोस हा यजमानाच्या आग्रहासारखा असतो. ऐकून सगळा घ्यायचा, पण वाढून घ्यायचं ते पोट बघून.

आता वजनाकडे येतो. (इथपासून पुढचं दादाला सांगू नका.) आमच्याकडे कुत्र्यांना उभं करायचा मोठा काटा आहे. त्याची वायर एका दांडग्या कुत्र्याने आदल्याच दिवशी चावून ठेवली होती. राहिला माणसांचा काटा. तिथली पद्धत अशी की मालकाने कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग कुत्र्याला खाली सोडून एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. दादा कापूसला छातीशी धरून उभा राहिला. काटा म्हणाला अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, आता एकटा उभा राहा. समोर बाकावर मांजरवाले, पोपटवाले, झालंच तर दादाच्या शाळेतले एक निवृत्त ड्रॉइंगचे सर असा भरगच्च दरबार बसलेला. दादा काट्यावरून उतरला तो उतरलाच. म्हणाला, "कशाला? माझं सत्तर आहे. रोज सकाळी बघतो." आणि गणिताच्या मास्तरांनी वजाबाकी तोंडी करून उत्तर माझ्या हातावर ठेवलं, अठ्ठावीस.

मला शंका यायला हवी होती की नाही? हवी होती. दादाच्या शर्टाचं तिसरं बटण केव्हापासून मला काहीतरी सांगू पाहत होतं. पण लहानपणी दादाने सांगितलेल्या उत्तरावर शंका घेतली की माझा कान लाल व्हायचा, आणि ती सवय कानाला अजून आहे. शिवाय कापूस दिसतो केवढा! सगळा केसांचा कारभार. बाहेरून बघणाऱ्याला तो गादीएवढा वाटतो. त्यात दादा महिनाभर सांगत होता की कापूस दोन्ही वेळा ताट रिकामं करतो. थोरला भाऊ, निवृत्त मास्तर आणि भरलेला दरबार, या तिघांपुढे मी अठ्ठावीसचा हिशोब केला आणि सिरिंज भरली.

आधी मांडीत गुंगीचं इंजेक्शन दिलं. त्याचा अंमल चढायला एरवी पाव तास लागतो. कापूसने मात्र बघता बघता माझ्या बुटावर डोकं टेकवलं आणि तो घोरायला लागला. मला वाटलं, घरचा माणूस म्हणून विश्वासाने झोपला. तरी मनात कुठेतरी खुट्ट झालं. टेबलावर घेतलं, शीर एका झटक्यात मिळाली (ती मिळतेच), आणि पांढरं औषध सोडायला सुरुवात केली. थोडं दिलं, थांबलो, पापणीला बोट लावून पाहिलं. आणखी थोडं दिलं, थांबलो, जबडा उघडून पाहिला. सिरिंज निम्मीसुद्धा झाली नव्हती, तेवढ्यात जबडा असा सैल पडला, जसा दुपारी झोपेत दादाचा पडतो. मी हात काढून घेतला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, अजून अर्ध्याच्या वर शिल्लक आहे." मी म्हटलं, "ते शिल्लकच राहू दे."

आणि मग कापूसची छाती हलायची थांबली.

वहिनी, कुत्रे मी हजारोंनी झोपवले असतील. पण टेबलावर तुमचा कापूस होता. जाताना रिक्षात बसता बसता तुम्ही मला एवढंच म्हणाला होतात, "भाऊजी, दोघांकडे लक्ष ठेवा." दोघांपैकी एकाची जीभ माझ्यासमोर गुलाबीची जांभळट होत होती. हा गेला तर तुम्हाला फोन कोण करणार, आणि कुठल्या तोंडाने, एवढाच विचार डोक्यात होता. हात मात्र आपलं काम करत होते. घशातून श्वासनलिकेत नळी घातली, तिला प्राणवायूचा फुगा जोडला आणि दाबत राहिलो. मी दाबला की त्याची छाती वर, सोडला की खाली. त्याच्या वाटचा श्वास मी घेत होतो म्हणा ना. बाई सुरी खाली ठेवून उभ्या. बुद्धिमान बाई आहेत, अशा वेळी बोलत नाहीत. मीही चकार शब्द काढला नाही. शांतपणा म्हणजे काय ते त्या खोलीने त्या दिवशी पाहिलं. जीभ पुन्हा गुलाबी झाली. मग एकदा मी फुगा दाबायच्या आधीच तो आपोआप किंचित फुगला. कापूसने स्वतःचा श्वास स्वतः घेतला होता. मी इतकंच म्हणालो, "करा सुरू."

पुढचं सगळं थाटात झालं. औषध थेंबाथेंबाने, हिशोबाच्या अर्ध्यावर, एक हात मांडीच्या आतल्या नाडीवर आणि डोळा छातीवर. बाईंनी छोट्या लिंबाएवढा खडा काढला. टाके घालून झाले, मी औषध बंद केलं, आणि थोड्या वेळाने कापूसने शेपटीचं टोक हलवलं. हातमोजे काढता काढता बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, आज सिरिंजवरचा आकडा पाळला असतात तर कुत्रा गेला असता." एवढ्या वर्षांत त्यांनी मला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. कृपया पुन्हा एकदा वाचा.

मी बाहेर आलो. दादा पट्टा हाताला गुंडाळून बसला होता. कापूस शुद्धीवर येतोय हे आधी सांगितलं, आणि मग त्याला नुसतं बोटाने काट्याकडे दाखवलं. वादविवाद न करता चप्पल काढून उभा राहिला बिचारा. (चपलेने असा काय फरक पडणार होता!) ऐंशी! म्हणजे कापूस अठरा किलोचा, आणि मी औषध भरलं होतं अठ्ठावीस किलोच्या कुत्र्याचं. काय झालं असतं ते मी समजावून सांगितल्यावर दादा ड्रॉइंगच्या सरांसमोर, पोपटासमोर, ढसाढसा रडला. मी त्याला जन्मात पहिल्यांदा रागावणार होतो. वाक्यसुद्धा तयार होतं. ते गिळलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. त्याने माझ्याकडून वचन घेतलं आहे की वहिनींच्या कानावर हे घालायचं नाही. मी वचनाचा पक्का आहे. हे पत्र तुम्ही डोळ्यांनीच वाचा, कुणाकडून वाचून घेऊ नका.

लेकीला आशीर्वाद, बाळाला पापा.

तुमचा आज्ञाधारक दीर
(शिरेतून भूल देण्यात या शहरात तूर्तास पहिला)

ता. क. दादाला रागावू नका. तुम्ही निघालात तेव्हा कापूस एकवीस किलोचा होता, हे तुम्हीच परवा बोलता बोलता म्हणालात. दादा तेव्हा सत्त्याहत्तरचा होता, हे त्याने आता कबूल केलं आहे. तुम्ही गेल्यापासून कापूस खाईना; दुखत असणार, आणि दाराकडे बघत बसायचा. तुम्हाला काळजी नको म्हणून दादा रोज त्याचं उकडलेलं चिकन ओट्याशी उभ्याने स्वतः खायचा, आणि मग तुम्हाला फोन करायचा की ताट रिकामं झालं. गणिताचा माणूस, खोटं बोलवत नाही. दोघांची बेरीज तुम्ही ठेवून गेलात तेवढीच आहे, फक्त वाटणी बिघडली आहे. ती तुमच्याशिवाय जमायची नाही. तेव्हा परतीचं तिकीट काढा.

ता. क. दुसरा. येताना माझ्याबद्दल दादासमोर दोन शब्द चांगले बोलाल का? मोठ्याने बोला. त्याच्या मते कापूस वाचला तो देवाच्या कृपेने आणि बाईंच्या हातगुणाने.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून फाडून टाका. मी चकार शब्द काढला नाही असं वर लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. कापूसचा श्वास थांबला तेव्हा माझ्या तोंडून "वहिनी!" असं निघालं. चांगलं मोठ्याने. बाईंनी नंतर विचारलं, हे काय होतं? मी म्हटलं, आमच्याकडचं एक औषध आहे, सध्या मिळत नाही.