प्रूफवरचं लाल वर्तुळ

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. वहिनी सांगत होती, तू दिवसभर खिडकीपाशी बसून असतोस आणि कोणी विचारलंच तर, मशीनवर शाई माझ्याकडून जास्त सुटली, एवढंच पुन्हापुन्हा म्हणतोस. तेवीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाबद्दल मालकाला हे खरं वाटावं, याचा मला संताप येतो. आणि मग स्वतःचाच येतो.

त्या मुलीला आज अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं. मी रोज जाते, पण लांबच उभी राहते. तिची आई औषधाचं खोकं भेटेल त्याला दाखवत असते. हिरव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत छापलंय, एका वेळी २५ मिली. दोन आणि पाचमधलं टिंब शाईने भरून गेलंय. त्या बिचारीने वाचलं तेवढं पाजलं.

मी शाळेत असताना तू रद्दीतली मोठी अक्षरं कापून मला जेवणाच्या टेबलावर मांडायला लावायचास, आठवतं? अक्षरांमधली फट मी नखाने सरकवत बसायचे. याला कर्निंग म्हणतात, ओळींमधल्या जागेला लीडिंग, दोन्ही जमलं की वाचणाऱ्याला धाप लागत नाही, असं तू सांगायचास. डिंक सांडला की आईसमोर तूच पुढे व्हायचास, धांदरट आहे ती, जाऊ दे, म्हणून. ते आपलं ठरूनच गेलं होतं.

या वेळी मात्र धांदरटपणा नव्हता. गडद रंगावर पांढरं बारीक अक्षर लावू नये, कडेची शाई आत शिरते, हेही तुझ्याकडूनच शिकले होते. पण त्या खोक्यासाठी निवडलेला सडपातळ फॉन्ट मला फार आवडला होता, औषध कंपनीचे लोकही खूश होते, आणि मी हवेत होते. तू प्रूफवर त्या टिंबाभोवती लाल वर्तुळ काढून शेजारी लिहिलंस, भरेल, जाड कर. मला ते झोंबलं. डिझायनर मी, आणि मशीनवरच्या भावाने मला सगळ्यांदेखत शिकवावं? खाली लिहिलं, आहे तसंच छापा, आणि झोकात सही ठोकली.

बोभाटा झाला त्या सकाळी तू ते प्रूफ गुपचूप माझ्या पिशवीत डब्याखाली सरकवलंस आणि चौकशीत, हरवलं, म्हणून सांगितलंस. नऊ दिवस ते माझ्याकडे होतं. दोनदा फाडायला घेतलं, दादा. एक कोपरा फाटलाही. आज दुपारी ते चौकशी करणाऱ्या अधिकारी बाईंच्या हातात दिलं. कोपऱ्याचं त्यांनी विचारलं, तेही सांगून टाकलं. उद्या अकरा वाजता तुला बोलावतील, म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती देते आहे. तिथे माझ्यासाठी पुढे होऊ नकोस. सही कोणाची विचारतील, तेव्हा माझं नाव घे.

तुझीच,
धाकटी