कोंडवळच्या तळ्याची झडप

मी, दत्तात्रेय हैबतराव शिर्के, वय चोपन्न, राहणार वरचे कोंडवळ, तालुका रोहा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. वर्तमानपत्रातले माझे लेख वाचणाऱ्या काहींना त्याची गरज भासेल.

१. राहते घर व पुस्तके बहीण नमिता हिला. वाळवीने आधीच पसंत केलेली पुस्तके वाळवीला.

२. नोकरीत मी दोन राज्यांच्या सीमेवरील एका तलावाच्या पाणीवाटप समितीचे इतिवृत्त लिहीत असे. करार झाला, दोन्ही बाजूंनी एकमेकांना पेढे भरवले आणि झडपेची चावी कोणाकडे राहील हे ठरवायचेच राहिले. आज त्या झडपेला दोन्ही राज्यांची कुलपे आहेत.

३. आमच्या तळ्याचा करार कागदावर नाही. झडप माझ्या जमिनीत, तिची चावी खाली खाडीकाठच्या खारकोंडवळात, तालुका पेण, बायजा म्हात्रे यांच्या घरी. जमीन एका गावाची, चावी दुसऱ्या गावाकडे, हा वडिलांच्याही आधीपासूनचा रिवाज. त्या पाण्यावर आमचे वालाचे पीक येते आणि त्यांचे हंडे भरतात. त्यांच्या विहिरी खाऱ्या आहेत.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या हर्षदने नागोठण्याहून दुसरी चावी करून आणली आणि झडपेखालच्या पाटावर पंप लावून आपल्या फार्महाऊसच्या पोहण्याच्या टाकीसाठी तळे रिकामे केले. बायजा चढ चढून आली.

"हर्षद, चावी माज्याकडं, नि पानी तुज्याकडं कसा रं?"

"जमीन आमची हाय, मावशी. मागायला तुमीच येता ना?"

"मागायला नाय येत, सांगायला येतंय. तुज्या आज्याला पन आसाच सांगायची."

हर्षद हसला. माझी छाती तेव्हापासून दुखते, असे डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणतो.

४. म्हणून झडपेची जमीन बायजाची नात निशिगंधा हिला देतो. ती म्हणाली, "काका, नको. लोक बोलतील." बोलतीलच. बोलून घसा कोरडा पडला की त्यांना पाणी दे.

खारकोंडवळकरांनी मात्र नाचू नये. जमीन खाली गेली, म्हणजे रिवाजाने चावी वर येते. कुलूप नवे बसवावे आणि त्याची एकुलती चावी हर्षदला द्यावी. निशिगंधाने पाऊल ठेवू दिल्याशिवाय त्याला झडपेपर्यंत जाता येणार नाही. त्याने झडप बंद ठेवली, तर त्याचाही पंप कोरडा.

५. हर्षद, तू कोर्टात जाशील. जा. तोवर खालच्या बायांना ताटकळत ठेवू नकोस.

६. माझ्या तेराव्याच्या स्वयंपाकाचे पाणी हर्षद व निशिगंधा यांनी मिळून सोडावे. दोघांचे जमले नाही, तर आलेल्यांना उपाशी परत पाठवावे. पण एकट्याने झडप उघडू नये.

दत्तात्रेय शिर्के यांनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत:
चंद्रावती पाटील, खारकोंडवळ (सही)
प्रवीण शिर्के, वरचे कोंडवळ (सही)

स्थळ: तळ्याचा बांध
दिनांक: ९ मे २०२५
(सही) द. है. शिर्के