सेंट ऑल्बन्सच्या घराचा उंबरठा रोमिनाच्या नावे

मी, नाझ्झारेनु बुहाजार, वय वर्षे चौऱ्याऐंशी, जन्म माल्टा बेटावरचा, शाळा चौथीपर्यंत, धंदा उंबरठे बांधणे, राहणार सेंट ऑल्बन्स, मेलबर्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरतो तो वयाने आणि रागाने, दारूने नव्हे. हे लिही म्हणून मला कुणी धमकावलेलं नाही. लिहू नको म्हणून ज्याने धमकावलं आहे, त्याचं नाव पुढे येईलच. याआधीची माझी तीन मृत्युपत्रं रद्द समजावीत. तिसरं कुठे ठेवलं ते सापडत नाही, पण तेही रद्द.

कलम १. सगळी अंमलबजावणी मोफत कायदा केंद्राच्या वकील सिना फाउमुइना यांनी करावी. मूळ प्रत त्यांच्याकडे आहे. दुसरी माझ्या फ्रीझरमध्ये, सशाच्या मटणाखाली. ससा खाऊ नये, फार जुना आहे.

कलम २. मी गेल्याचं कळताच सिनाने हातातलं काम टाकून यावं आणि पुढच्या दारातल्या दगडावर उभं राहून कलम ३ मोठ्याने वाचावं. हे सूर्य मावळायच्या आत झालं पाहिजे. उंबरठ्याला कागद कळत नाही, त्याला ऐकवावं लागतं. मालक मेला आणि मावळतीपर्यंत नवा मालक दगडाला सांगितला नाही, तर दगड रक्तातल्या सर्वांत वडील माणसाचा होतो. म्हणजे माझा भाऊ चेन्सु याचा. तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा असून दुर्दैवाने धडधाकट आहे. रोज सकाळी फोन करून विचारतो, "काय रे झारेन, आहेस का अजून?" लोकांना ती काळजी वाटते. ती काळजी नव्हे.

कलम ३. हे घर, मागचं अंजिराचं झाड आणि पुढच्या दारातला पिवळा दगड मी माझी मुलगी रोमिना हिला पूर्ण मालकीने देत आहे. दगडा, ऐक. आजपासून मालकीण ती. स्वतःच्या घरात शिरायला कुणाचं बोलावणं लागत नाही, फिकट्यांनासुद्धा नाही.

कलम ४. आता कोर्टात कुणी विचारलं की म्हाताऱ्याने घर एका व्हॅम्पायरला का दिलं, तर उत्तर इथे लिहून ठेवतो.

हा दगड चेन्सुने आणि मी सत्तावन्न साली गावाहून बोटीने आणला. दोघांनी मिळून बसवला, मीठ आणि तेल चोळून मंत्राने बांधला. तेव्हा फिकटे, म्हणजे हे व्हॅम्पायर, सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावांतून आगगाडीने शहराच्या पश्चिमेला येऊ लागले होते. या भागातल्या निम्म्या घरांचे उंबरठे मी बांधून दिले. आजवर माझ्या बांधलेल्या एकाही उंबरठ्यावरून कुणी फिकटा बोलावल्याशिवाय आत गेलेला नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. तोच माझा घात झाला.

आमच्या धंद्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात: स्वतःच्या दगडावर उभं राहून रागात बोलायचं नाही. मी साठ वर्षं पाळला. रागावलो तर आधी अंगणात जायचो आणि मग ओरडायचो. शेजाऱ्यांना विचारा.

रोमिनाने विल्फ्रेड पास्को याच्याशी लग्न केलं. हा कॉर्नवॉलचा खाणकामगार, बॅलरटच्या खाणीत अठराशे एकसष्ट साली मेला आणि तेव्हापासून जिवंत माणसांच्या पोरी बघत हिंडतो आहे. तेही मी गिळलं. पुढे तिची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याने तिला आपल्यासारखं केलं. मला विचारलं नाही. तिच्या आईला विचारलं होतं, हे मला नंतर कळलं.

दोन हजार सोळाच्या जून महिन्यात, दिवस मावळल्यावर दोघं दाराशी आली. रोमिना दिव्याच्या उजेडात कागदासारखी पांढरी दिसत होती.

"पपा," ती म्हणाली, "आत ये म्हणा ना. आता म्हणावं लागतं."

पास्को तिच्यामागे टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "मामंजी, ती मरत होती हो."

"मग मरू द्यायचं होतंस! माझी पोर होती, माणसासारखी मेली असती!"

"पपा, मी इथे उभी आहे. माझ्यासमोर बोलताय तुम्ही."

आणि मी दगडावर उभं राहून म्हणालो, "मी जिवंत असेपर्यंत तू या दगडावर पाय ठेवणार नाहीस."

शब्द तोंडातून निघताच पायाखाली दगड गरम झाला. असा दगड गरम झाला की काम पक्कं झालं, हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. ताबडतोब म्हणालो, "ये, ये, आत ये." तिने पाय उचलला आणि किंचाळून मागे पडली. तळवा भाजला होता. मागच्या दाराने, खिडकीतून आत घ्यायचं बघितलं, जमलं नाही. सगळं घर पुढच्या दगडाचं ऐकतं. मीच तसं बांधलं होतं.

कलम ५. चार हातांनी बसवलेला दगड चार हातांनीच निघतो. मी चेन्सुकडे गेलो. तो तेव्हा मांत्रिकांच्या मंडळाचा अध्यक्ष होता, अजूनही आहे, कारण दुसरं कुणी उभंच राहत नाही. तो पास्तिझ्झी, आमच्या माल्टाच्या चीज भरलेल्या करंज्या, खात बसला होता.

"फिकट्यांसाठी दगड उखडायचा?" तो म्हणाला. "मंडळात तोंड काय दाखवू?"

"ती तुझी पुतणी आहे."

"होती. शब्द तुझा, दगड तुझा, आता निस्तर तूच. घे, एक खा, रिकोटाची आहे."

मी खाल्ली नाही. पुढे महिन्याभराने त्याने मंडळाचा कागद पाठवला. रोमिना मृत आहे असं बापाने लिहून द्यायचं, म्हणजे सरकारदरबारी तशी नोंद होईल आणि तिला कशाचाच वारसा पोचणार नाही. खाली माझ्या सहीसाठी फुली मारलेली. दगड काढायला धावलो तरी ती फिकटी झाल्याचा राग गेला नव्हता, त्या काळात मी तिच्याशी बोलतही नव्हतो. तरी तो कागद फाडून चुलीत घातला. त्यामुळे रोमिना आजही कागदोपत्री हयात आहे आणि हे मृत्युपत्र चालतं. एवढी एकच गोष्ट मी रागात असताना नीट केली.

हे मृत्युपत्र लिहू नको म्हणून धमकावणाराही तोच. म्हणून चेन्सु बुहाजार याला मी माझा मोठा हातोडा देतो. ज्या कामाला तो आला नाही, त्या कामाचा तो हातोडा आहे. बाकी काही नाही. अंजिरंसुद्धा नाहीत.

कलम ६. माझी बायको चेत्ता दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये या घरात वारली. शेवटचे नऊ दिवस मी तिला खाटेसकट बाहेर न्यायला तयार होतो. ती म्हणाली, "मी माझ्या घरातून हलणार नाही. तू बोललास, तूच उलट कर." मी करू शकलो नाही. मग तिची खुर्ची पुढच्या खिडकीला लावली. रोमिना रोज संध्याकाळी जिरेनियमच्या वाफ्यात उभी राहून काचेवर हात टेकायची.

चेत्ता आतून म्हणायची, "ओठांना काहीतरी लाव गं, किती पांढरी दिसतेस."

"मम्मा, मी मेलेय."

"मग? मेलेल्या बाईने नीटनेटकं राहू नये?"

दोघी हसायच्या. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहायचो. दहाव्या संध्याकाळी खुर्ची रिकामी होती आणि रोमिना तरीही आली. तिला काचेतून मीच सांगितलं.

कलम ७. ती खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून आहे. कुणी हलवू नये. रोमिनाला वाटलं तर ती हलवेल. आईची पेटी, आईची रोझरी, म्हणजे जपमाळ, सोडून सगळा दागिना आणि कपाटातलं निळं कापड तिचं. रोझरी तिला भाजेल, ती शेजारच्या मिसेस हुइन्ह यांना द्यावी असं मनात होतं, पण सिना म्हणते साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून रोझरी आजच त्यांच्या हातात दिली आणि झाडावरची सगळी लिंबंही तोडून दिली. आता मृत्युपत्रात त्यांच्यासाठी काही उरलं नाही, कायदा खूश.

कलम ८. विल्फ्रेड पास्को याला ओट्यावरचं लाकडी बाक. त्याला आत बोलवायचं की नाही हे मालकीण ठरवेल. मी असतो तर बोलावलं नसतं. मात्र त्याने सात वर्षं दर आठवड्याला फाटकाशी येऊन माझा कचऱ्याचा डबा रस्त्यावर लावला, हे खोटं नाही. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो असंही म्हणाला. सिनाने नोंद काढून दाखवली: तो सरकारच्या लेखी अठराशे एकसष्ट सालीच मेला आहे. "मग मी नुसता बसतो," म्हणाला. बसला आहे, फाटकाबाहेर, छत्री घेऊन.

कलम ९. माझी शवपेटी पुढच्याच दाराने न्यावी, दिवस मावळल्यावर. फादर कुरकुर करतील, करू देत. कलम २ मधलं वाचन झालंय ना, हे आधी दोनदा विचारून घ्यावं. गॅस बंद आहे ना तेही बघावं. रोमिनाने फाटकाशी उभं राहावं. मी दगडाबाहेर पडलो की तिने आत जावं. उजवा पाय, डावा पाय, कोणताही. भिऊ नये, भाजणार नाही. मी हे काम शेवटचं आणि नीट बांधलं आहे.

ती आत जाईपर्यंत पेटीचं झाकण उघडं ठेवावं. मेलेल्याला दिसत नाही असं चेन्सु म्हणतो. रोमिनाला दिसतं.

वरील सर्व मी वाचून, दोनदा तपासून, दोघींच्या समोर सही करत आहे.

नाझ्झारेनु बुहाजार (सही)

साक्षीदार:
१. हुइन्ह थी लान, शेजारी (सही)
२. सिना फाउमुइना, वकील (सही)

ठिकाण: सेंट ऑल्बन्स, पुढचा ओटा. दगडावर नव्हे, दगडाच्या अलीकडे उभं राहून.
तारीख: ११ ऑगस्ट २०२३