शिडाचा पडदा

बाबा,

काल मला शाल पांघरली. भर वैशाखात, मुंबईच्या घामात, लोकरीची शाल आणि वर फेटा! मी मरतो की काय असं झालं. एका गृहस्थांनी माझ्या सगळ्या नाटकांची आणि सिनेमांची नावं घेतली, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला मनापासून आवडलं. अजून थोडा वेळ वाजवल्या असत्या तरी चाललं असतं. मग टीव्हीवाल्या मुलीने माईक माझ्या नाकाला टेकवून विचारलं, "विनोदी नाटक बसवायला कुठे शिकलात?" म्हटलं, आमच्या गावी थळला, बापाच्या होडीवर. ती खो खो हसली. हल्ली हा एक तापच झालाय, मी खरं बोललो तरी लोक हसतात.

खरंच तर होतं. तुझ्या होडीवर जाळं ओढताना कोणी हसायचं नाही, हा तुझा कायदा. मासा किती लागलाय ते दोरीच्या वजनावरून कळायला लागलं की खलाशांचे चेहरे फुलायचे, आणि तू सुकाणावरून ओरडायचास, "जाला वर येस्तवर दात दाखवाचं न्हाय!" मग सगळे तोंडं पाडून ओढत राहायचे. जाळं फळीवर आलं, पापलेटं उडायला लागली, की मग जो काय हशा व्हायचा! तू मात्र तेव्हाही हसायचा नाहीस. तू तांडेल, तुझी नजर पुढच्या पाण्यावर. मी तुझा एकुलता एक मुलगा, तुझ्यामागून सुकाणावर बसणारा, आणि मला काय लागलं होतं तर नाटकाचं वेड. भाड्याचा माल घेऊन होडी मुंबईला गेली की मी गिरणगावात नाटकं बघत फिरायचो आणि तू धक्क्यावर माझ्या नावाने शिमगा करायचास.

स्वातंत्र्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. पावसात होड्या वर ओढून शाकारलेल्या, खलाशी घरी बसून जाळी विणत होते. मी त्यांनाच धरून एक फार्स बसवायला घेतला. मुंबईच्या एका नाटक मंडळीने मला बोलावलं होतं, ते मी आयला सांगितलं, आयने तुला सांगितलं. तू जेवता जेवता ताटावरून मान वर न करता म्हणालास, "तुझ्या नाटकाला गाव हसला, तं जा मुंबयला, मी अडवाचा न्हाय. न्हाय हसला, तं नारली पुनवेला गुपचूप होरीवर चढाचा." आय म्हणाली, "आनि मंग होरी कोन चालवील?" तू भाताचा पुढचा घास उचललास.

प्रयोग पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी, देवळामागच्या मांडवात. पडदा म्हणून तुझ्याच होडीचं जुनं शीड. ते बांबूला बांधायला मी चढलो, तर तू मला पाय धरून खाली ओढलंस. "तुझी गाठ मना म्हाईत हाय, उतर." आणि स्वतः वर चढून कप्पी आणि शीड बांधलंस. अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक होतं, तांडेलाची गाठ वादळातसुद्धा सुटत नाही.

पहिला अंक पार पडला आणि, बाबा, एक माणूस हसला नाही! बायका आपसात सुकटीचा भाव बोलत होत्या. मी विंगेत उभा राहून देवाला शिव्या देत होतो. आता दुसऱ्या अंकाचा पडदा वर न्यायचा, तर दोरी पावसाने फुगलेली, कप्पीत अडकली. ओढणारा एकटा लटकतोय, शीड जागचं हलत नाही. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आणि आमचे प्रेक्षक पडले खलाशी. अडकलेली दोरी दिसली आणि हातावर हात ठेवून बसले, असं कधी झालंय? पहिल्या रांगेतून तुझा आवाज आला, "बघता काय, हात लावा रं!" झालं. सगळी रांग उठली, दोरीला लागली, "हैसा! हैसा!" तूच वल्हवल्यासारखा ठेका देतोयस. कड्कन् वर काहीतरी सुटलं आणि अख्खं शीड धप्पकन् ओढणाऱ्यांच्या डोक्यावर.

मागे सगळी नटमंडळी उघडी पडली. मधोमध नवी सून, म्हणजे आपल्या होडीवरचा सगळ्यात आडदांड खलाशी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मिशी तशीच, कारण ती काढायला तो कबूल झाला नव्हता, आणि तोंडात पेटलेली विडी. आता हे नट स्वतःच फिसकन् हसणार आणि सगळं संपणार, हे मला दिसलं. आणि माझ्या तोंडातून तुझाच आवाज निघाला, दबका, "जाला आला न्हाय अजून! दात दाखवाचं न्हाय!" सगळे जागच्या जागी थिजले. चेहरे दगडाचे. सासूने ठरलेलं वाक्य टाकलं, "सूनबाय, कुठं व्हतीस गो?" सुनेने शांतपणे विडी पदराआड नेली, नाकातून धूर सोडला आणि लाजत ठरलेलं उत्तर दिलं, "देवाजवल दिवा लावीत व्हते."

मांडव फुटला, बाबा! म्हातारे लोळत होते, शिडाखालचे शिडाखालीच हसत होते. आणि आमच्यातला एकही हसला नाही. शेवटपर्यंत नाही. पुनवेला तू नारळ वाहून होडी पाण्यात लोटलीस आणि मी रेवसच्या लाँचने मुंबईला गेलो.

पुढचं सगळं तुला कुठे माहीत! मिशीवाली सून मी मुंबईत गाजवली, मग सिनेमात गेलो. माझा दुसरा सिनेमा अलिबागला तंबूत लागला तेव्हा कोळीवाडा बैलगाड्या करून आला होता. तू तोवर गेला होतास. आय पुढे बसून आजूबाजूच्यांना दटावत होती, "गप, माझ्या लेकाचा हाय." अजूनही सेटवर नट हसला की मी ओरडतो, जाळं वर आलेलं नाही! भैय्या लाइटवालेसुद्धा तेच ओरडतात.

त्याआधी मुंबईत तू माझं एकच नाटक बघितलंस. हाउसफुल्ल! संपल्यावर आत आलास, मी छाती फुगवून विचारलं, कसं झालं? तू पडद्याची दोरी हातात घेतलीस, दोन हिसके दिलेस आणि म्हणालास, "गाठ बरी हाय." आणि बोट गाठायला निघून गेलास. मी त्या रात्री फार चिडलो होतो.

काल फेटा काढताना ते आठवलं. दर्यात तुझी गाठ कधी सुटली नाही. सुटली ती एकच, मांडवात, आणि दोरी ओढायला सांगणारा तूच. नंतर सुकाणावर बसायला तुला कोणी मिळालं नाही, हात थकेपर्यंत तूच बसलास.

हे पत्र शालीच्या घडीत ठेवून देतो. तुला वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखवणारी आयही आता तिकडेच. पण तू होतास तेव्हाही, ती गाठ सुटली कशी, हे मी विचारलं नाही, कारण मला भीती वाटायची. "भिजलेली दोरी रं, सुटली," असं म्हणाला असतास, तर मला मुंबईला पावसाने पाठवलं असं झालं असतं. मला तूच पाठवलेलं हवं होतं, बाबा.