बोंडअळीच्या प्रोटीनवर माझा रामबाण

३ ऑगस्ट
आजपासून संशोधन. बावीस वर्षं मारेगावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, देशाचं फार नुकसान झालं. गुलाबी बोंडअळीच्या पोटात एक प्रोटीन सापडलंय. ते नेमकं काय करतं, कुणालाच माहीत नाही. उत्तम विषय. चूक कोण काढणार? त्याला बंद पाडणारं रसायन, म्हणजे इनहिबिटर, दिवाळीआधी तयार.

९ ऑगस्ट
तयारसुद्धा! नाव ठेवलं एमजी-वन. एम-जी म्हणजे मारेगाव. मी मधुकर गोहणे आहे, हा निव्वळ योगायोग. एमएस्सीची शमा म्हणाली, "सर, ते प्रोटीनले चिकटते का, हे आधी पाहू." शंकेखोर पोरगी. वडील मेकॅनिक, सगळं खोलून पाहायची घरचीच सवय.

२६ ऑगस्ट, दुपारी
दहा अळ्यांवर प्रयोग. शमाने केला, मी विचार केला. नऊ मेल्या! दहावी हट्टी. शेजारच्या बबनरावांना शब्द देऊन टाकला: पहिली फवारणी तुमच्याच कपाशीवर. पेपरला फोटो दिला. हातातली नळी रिकामी होती, पण नजर शास्त्रज्ञाची आली.

२ सप्टेंबर
एमजी-वन ज्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतो, तो नुसताच शमाने दुसऱ्या दहा अळ्यांना दिला. मला न विचारता. त्याही नऊ मेल्या. म्हटलं, बघ, एमजी-वनची दहशत! ती हसली नाही.

५ सप्टेंबर
आता तिने सॉल्व्हंट अगदी थोडा घेऊन एमजी-वन दिलं. एकही मेली नाही. दोन जाड झाल्या. म्हणजे परिणाम होतोय. दिशा उलटी आहे, एवढंच.

११ सप्टेंबर, सकाळी ७
बबनराव पाठीवर पंप बांधून दारात. शब्द म्हणजे शब्द. एमजी-वनचा कॅन दिला. तेवढ्यात शमा सायकलवरून धापा टाकत आली. हातात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एक झाड, पानं भाजल्यासारखी काळी. काल तिने त्यावर फवारून पाहिलं होतं म्हणे. "काका, हे मारू नका शेतात."
बबनरावांनी पान चुरगाळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "सर, अळी माराची हाय का पऱ्हाटी?"
कॅन परत घेतला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते निघून गेले. दिवसभर घास उतरला नाही. कॅन्टीनचं तेल खराब असावं.

१४ ऑक्टोबर
नागपूरच्या परिषदेने माझा पेपर परत पाठवला. शमाचा घेतला. तिथल्या एका लॅबने तिला कामालाही बोलावलंय. घडवलं कुणी? असो. तिच्या पेपरचं नाव 'एमजी-वन: एका निष्फळ रसायनाचा अभ्यास'. मोठ्या मनाने अभिनंदन केलं. एकच सुचवलं, 'निष्फळ' शब्द तेवढा काढ.
ती विचारात पडली. म्हणाली, "तो काढला तर मंग पेपरात राह्यते काय, सर?"